मागे ओढलेल्या रेषा

दोन रेषा तिला काही केल्या पटेनात. पडद्यावर कणांच्या टकरीच्या ठिकाणाहून रेषांचा झुबका फुटला होता, पण या दोघी त्यातल्या वाटत नव्हत्या. तिने त्या मागे मागे ओढत नेल्या. टकरीपासून केसभर अंतरावर त्या एकमेकींना भेटल्या. म्हणजे जड क्वार्क पोटात घेतलेला कण तेवढं अंतर जगला आणि तिथे फुटला. तो स्वतः कधीच दिसत नाही. दिसतात ती मागे उरलेली पोरं.

"सापडला?" शेजारच्या खुर्चीतून चष्मिस सहकाऱ्याने विचारलं.

"सापडला. साळसूद असतात मेल्या! आत्ताच निघालो म्हणून सांगतात. मागे ओढल्या की कबूल होतात."

फोन थरथरला. घरून. तिने खुर्ची भिंतीकडे वळवली. कणांच्या टकरी घडवणारं यंत्र चालू असेतो तिला इथून हलता येणार नव्हतं. निघताना तिने घरी बजावून ठेवलं होतं: पहिलं पाऊल मी बघणार, माझ्याआधी कुणी बघायचं नाही. जसं काही ते कुणाच्या हातात होतं!

"अगं बघ, बघ लवकर!" सासूबाई ओरडल्या.

"आई, तुझा कान दिसतोय तिला. दे इकडे." नवऱ्याने फोन घेतला.

लेक कपाटाला धरून उभी होती. तिने हात सोडला. एक पाऊल. दुसरं.

"चालली गं बाई! पहिल्यांदाच हो!" सासूबाईंनी टाळ्या पिटल्या.

लेकीने टाळ्यांकडे ढुंकून पाहिलं नाही. सतरंजीचा दुमडलेला कोपरा आला, तो तिने खाली न बघताच ओलांडला. वाटेतली बाहुली वाकून उचलली, काखेत मारली आणि टेबलाला वळसा घातला. टेबलाच्या कोपऱ्यांना चिंध्या गुंडाळल्या होत्या. त्या मळल्याही होत्या.

फोन झटकन दुसरीकडे वळला.

"दिसलं ना तुला?" नवऱ्याचा आवाज जरा जास्तच मोठा होता. "नीट दिसलं ना?"

तिने मान वळवून पडद्यावरच्या त्या दोन रेषांकडे पाहिलं.

"दिसलं."

"तुझ्यासाठीच थांबली होती हो," सासूबाई म्हणाल्या. बोलताना त्या फोनकडे बघत नव्हत्या.

"आई," ती म्हणाली, "तिला परत कपाटापाशी न्या ना. पहिल्यापासून चालू द्या."