सरांचं पार्टिशन

“नक्की काय पुसलं, सर?” खांद्यावरची पिशवी उतरवायच्या आधीच पंचशीलानं विचारलं.

श्रीपाद सरांनी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. “डी ड्राइव्ह गेला, पोरी. सगळाच्या सगळा.”

ज्यांच्या टेस्टच्या नुसत्या नावानं लातुरातल्या बारावीच्या पोरांना घाम फुटतो, त्या सरांची आज पाचावर धारण बसली होती. क्लासच्या पोरांना लिनक्स दाखवायचं म्हणून त्यांनी घरच्या कॉम्प्युटरवर, विंडोजच्या शेजारी, ते स्वतःच बसवायला घेतलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. विंडोज हार्ड डिस्कच्या भागांना, म्हणजे पार्टिशनांना, सी, डी अशी सुटसुटीत नावं देतं. लिनक्सच्या सीडीनं तेच भाग ‘एसडीए एक’, ‘एसडीए पाच’ असे दाखवले. सरांना वाटलं, पाच म्हणजे कुठली तरी रिकामी जागा असेल. केली डिलीट.

“मग?”

“मग ते स्वॅप का काय मागायलं. मी घाबरून बटणच बंद केलं.”

“त्यानंतर काही कॉपी केलं? गाणी, पिच्चर?”

“हात लावला न्हाई.”

“मग आशा हाय,” पंचशीला म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. सरांची ही जुनी विद्यार्थिनी आता नांदेडला पॉलिटेक्निकमध्ये शिकवायची. सरांचा फोन आला तशी रजा टाकून पहिली एसटी धरून आली होती.

एवढ्यात सरांच्या पत्नी उमादेवी चहा घेऊन आल्या. “पार्टिशन करायला आलीस म्हणं तू? सर म्हणले मला. पत्र्याचं नको करू बाई. भूकंपानंतर शेडात लई दिवस काढले, दुपारी माणूस भाजून निघायचं. पोरं-पोरी वेगळे बसवायचे आसतील तर प्लायचं कर.”

पंचशीलानं सरांकडं पाहिलं. सर बशीत डोकं घालून बसले होते.

“प्लायचंच करते, काकू,” ती म्हणाली.

काकू नवऱ्यालाही सरच म्हणायच्या. क्लासला असताना पोरींना याचं भारी हसू यायचं.

त्या आत गेल्यावर सर म्हणाले, “उद्या तीस सप्टेंबर. दर साली भूकंपाच्या दिवशी ही न जेवता हितं बसती आन् फोटो बघती. लेकीचे हायेत, लग्नातले हायेत. उद्या बसल्यावर काय दाखवू तिला?”

“दुसरी कॉपी?”

“कुठली? ढिगाऱ्यात भिजून फोटो एकमेकाला चिकटले होते. मुरुडच्या स्टुडिओत सोडवून स्कॅन केले, पण त्यात मूळ फोटोंचे तुकडे झाले. बाकीचे मुखेड, नायगावला पाव्हण्यांच्या दारात जाऊन आणले. मला कुणी ओळखीत नव्हतं, तरी स्कॅन करायला दिले बिचाऱ्यांनी.”

भूकंपानं सरांच्या घरातली लेक नेली, असं क्लासमधली पोरं आपसात म्हणायची. विचारायची कुणाची छाती नव्हती. पंचशीलानं पिशवीतली सीडी काढून आत सरकवली.

“सर, सातबारा फाटला म्हणून रान कुठं जात न्हाई,” कॉम्प्युटर सुरू होता होता ती म्हणाली. “डिस्कच्या सुरुवातीला नुसती नोंद असते, कुठला भाग कुठून कुठवर ते. तुम्ही नोंद पुसली. माल जागेवरच असंल.”

हरवलेले भाग हुडकणारा प्रोग्राम तिनं चालवला. पहिल्या फेरीत फक्त सी सापडला. सर उठून खिडकीपाशी गेले, परत आले, पुन्हा गेले. दुसरी, खोलवरची फेरी लावून ती वाट पाहत बसली. काकूंनी भाकरी, पिठलं वाढलं. सरांच्या ताटातली भाकरी तशीच राहिली. “मीठ कमी पडलं का, सर?” काकूंनी विचारलं, तर म्हणाले, “ब्येस झालंय.”

जेवून दोघं पुन्हा कॉम्प्युटरपाशी आले, तर पडद्यावर एक नवी ओळ उमटली होती. पंचशीलानं आतली यादी उघडली. मुखेड, नायगाव, आणि तिसऱ्या फोल्डरचं नाव ‘मालक’. नाव काकूंनीच दिलं असणार. बाईमाणूस नवऱ्याचं नाव घेतंय होय, अगदी कॉम्प्युटरवरसुद्धा! तिला हसू आलं.

सोबत आणलेल्या रिकाम्या डिस्कवर तिनं आधी सगळं उतरवून घेतलं, मगच पुसलेली नोंद पुन्हा लिहिली. डी ड्राइव्ह जागेवर आला.

“झालं, सर. आता डीमधली थोडी जागा कमी करून लिनक्स बसवते. एका डिस्कवर दोघं नीट नांदतात, फक्त ज्याची त्याची जागा राखायची.”

सरांचा जीव भांड्यात पडला. “लई उपकार झाले, पोरी.”

“उपकार कसले? क्लास सुटल्यावर ह्याच खोलीत मला कॉम्प्युटरवर बसू देत होता तुम्ही. कुलूप लावायला थांबून राहायचा. मी आज जे हाय ते त्याच्यामुळं.”

फोटो नीट उघडतात का ते बघायला तिनं ‘मालक’मधला पहिलाच उघडला. लग्नातला होता. कोवळ्या उमादेवी खाली बघत होत्या. शेजारी मुंडावळ्या बांधलेला, भरघोस मिशांचा, छाती काढून उभा असलेला नवरदेव.

“अगं बाई,” पंचशीला हसली. “सर, तुम्ही तर ओळखूच येईना गेलात.”

सरांनी रुमाल काढला आणि पडद्यावरची धूळ हलक्या हातानं पुसली.

“मी न्हाई, पोरी. हे संगप्पा, हिचे पहिले मालक. भूकंपात हिला दाराबाहेर ढकललं आन् स्वतः लेकीला आणायला आत वळले. त्यांच्यामुळं तर मला घर हाय.”