लाल शाईचं कार्ड

“सगळे गठ्ठे सोडा!” नाथाने टेबलावर मूठ आपटली. “माझ्या बनूचं कार्ड सापडल्याशिवाय मी इथून हलणार नाही.”

बदलापूरच्या त्या धर्मादाय दवाखान्यात कंपाउंडर दिनानाथ सुतळ्या सोडू लागला. सत्त्याऐंशीच्या त्याच पावसाळ्यात नाथाची बायको तापाने फणफणली, तेव्हाही दिनानाथने असेच गठ्ठे उपसले होते. नाव विचारल्यावर नाथाने ठासून ‘बनूबाई’ सांगितलं होतं. “कार्ड नाही, नवीन पेशंट,” म्हणून दिनानाथ मोकळा झाला. डॉक्टरांनी पेनिसिलिनची सुई दिली आणि बनूबाई बाकावरून उठलीच नाही.

तिची आई ठमाबाई बारवी धरणाकडच्या वाडीवरून दहाव्याला आली, तेव्हा कुठे नाथाला कळलं.

“माझ्या भिकीला सुई बाधायची, जावईबापू. पोर व्हती तवा त्याच दवाखान्यात मरता मरता वाचली. डॉक्टरनं कार्डावर लाल शाईनं लिवलं व्हतं. आता भ्यायचं नाय म्हनला.”

“भिकी नाही, बनू म्हणा!” नाथा त्या दुःखातही खेकसला. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून ठेवलेलं ते नाव त्याला कधीच खपलं नव्हतं. लग्नात त्याने हौसेने नवं नाव ठेवलं होतं.

तेव्हापासून त्याच्या डोक्यात नुसता जाळ पेटला होता. लाल शाईने लिहिलेलं, आणि या बेअक्कल माणसाला दिसू नये? कामावरून सुटला की दवाखान्यात येऊन तो दिनानाथचा उद्धार करायचा. शेवटी डॉक्टर कंटाळून म्हणाले, “कार्ड इथे निघालं, तर दिनानाथला घरी पाठवतो.”

बस्स, नाथा हात धुऊन मागे लागला. उल्हासनगरला कॅम्प तीनमधल्या कारखान्यात तो जीन्सचं कापड कापायचा. शेठकडून रिकामे खोके मागून आणले. नुकत्याच आलेल्या नर्स पद्मजाने त्यांवर एकेक अक्षर लिहिलं. नावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे कार्डं लागली, लाल शाईची सगळ्यात पुढे. असं काही त्या दवाखान्यात कधी झालंच नव्हतं!

‘ब’चा खोका नाथाने पुन्हापुन्हा चाळला. नाहीच.

“कुठे जाळलंस ते कार्ड?” त्याने दिनानाथची कॉलर धरली. “माझी बायको मारलीस तू! तुला रस्त्यावर आणला नाही तर नावाचा नाथा नाही!”

दिनानाथचे डोळे भरून आले. “देवाशप्पथ, मी शोधलं होतं हो.”

पद्मजाने ‘ब’चा खोका बाजूला सारला, पुढचा ओढला आणि पहिलंच कार्ड उचललं.

“नाथाभाऊ, सोडा त्यांना आधी. इकडे बघा, ही बारवीकडची, तुमच्या सासुरवाडीचीच दिसते. पेनिसिलिन देऊ नये, असं लाल शाईने लिहिलंय. बिचारीला वेळीच सावध करायला हवं. भिकी नाव आहे. ओळखता का हो तुम्ही?”