कारंज्यातली नीळ

लातूरला नळावर भांडून पाणी भरणाऱ्या बायकोला, सरोजला, माझी बदली लखनौला झाल्यावर, बागेत कारंजं हवं होतं. जानकीपुरमच्या घरात मी ते हौसेने सिमेंटचं बांधून घेतलं. इतक्या वर्षांनी, यंदा ते गळायला लागलं. संध्याकाळी काठोकाठ भरावं, तर सकाळी हौद निम्मा रिकामा. मिस्त्रीने भेगा खरवडून भरल्या, वरून वॉटरप्रूफिंगचे दोन हात मारले, तरी तेच. शेवटी मी त्याच्यावर भडकलो.

"बाबूजी, पानी में नील डालकर देखिए," तो म्हणाला. "जहाँ से रिसेगा, वहाँ नीला दाग आएगा."

संध्याकाळी नीळ घातली. सकाळी पाणी पुन्हा निम्मं, पण हौदाच्या बाहेर कुठेच निळा डाग नाही. वाकून वाकून सगळीकडे शोधलं आणि वैतागून चहा टाकायला स्वयंपाकघरात गेलो.

हंडा, पातेली, डबे, कुकरसुद्धा निळ्या पाण्याने काठोकाठ भरलेले. सरोज ओल्या पदराने कळशी पुसत होती.

"हे काय गं?"

"हळू बोला. गल्लीतला नळ आता आठ दिवस यायचा नाही." तिने इकडेतिकडे बघत भरलेली कळशी माझ्यापुढे केली. "भाऊ, एवढी तुम्ही घेऊन जा. फक्त आमच्या ह्यांना सांगू नका, फार चिडतात."

मी कळशी घेतली.

"नाही सांगत, वहिनी."