टपाला एकच भोक

गाडीच्या टपाला भोकं जितकी कमी, तितकी पावसात आतली गादी कोरडी. म्हणून जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरचं फिरतं घर करताना मी सोलरचे पॅनल स्क्रू न मारता नुसते चिकटवले. वायर आत घ्यायला एकच भोक पाडलं, त्यात वायरभोवती घट्ट बसणारी रबरी ग्लँड बसवून चहूबाजूंनी सिलिकॉन भरलं. मग विहिरीची मोटर लावून टपावर पाईप धरला. आत गादीवर पसरलेला पेपर ठणठणीत कोरडा! माझ्या बायकोने, धनश्रीने, लगेच भंडारदऱ्याला जायच्या बॅगा भरल्या.

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे खूळ कधीच पटलं नव्हतं. "एवढं घर हाय, अन् गाडीत कशाला निजायचं?" म्हणत ते वर्षभर गाडीकडे फिरकलेही नाहीत.

निघायच्या दिवशी मी पूजेसाठी श्रीगोंद्यातून नारळ आणि हार घेऊन आलो, तर आबा चक्क टपावर! शेजारी मढीहून आणलेला कानिफनाथांचा झेंडा फडफडत होता. खाली आई हात जोडून उभी. आणि आबा माझ्या गाडीवर पहिल्यांदाच खूश होऊन हसत होते. आता देवाचा झेंडा उतरवा, असं कोणत्या तोंडाने म्हणणार?

"आबा, बसवला कशानं?" मी हळूच विचारलं.



"तुझ्याच ड्रिलनं! चार स्क्रू पार आरपार घातल्यात, भंडारदऱ्याच्या पावसात बी हालायचा न्हाई."