प्रौढ शिक्षा

शकुबाई दाराशीच थबकली. वर्गावर नवी पाटी लागली होती आणि तिचा रंग अजून ओला होता. वही बगलेत दाबून तिनं एकेक अक्षर लावलं. प्रौ-ढ. शि-क्षा. केंद्र.

"कलाबाई, इकडं ये वं. सरकार आपल्याले शिक्षा देऊन राहिलं."

कलाबाई धापा टाकत आली. तिला जोडाक्षरं येत नव्हती, पण शकुबाईच्या वाचनावर तिचा पुरता भरवसा होता. "कायची शिक्षा? आपन काय केलं बाप्पा?"

"तेच तर लिवलं नाही."

छप्पनच्या दिवाळीला नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि पांढुर्णा मध्यप्रदेशात राहिलं. तेव्हापासून गावात जिकडंतिकडं मराठी पाट्या उतरत होत्या, हिंदी चढत होत्या. ही पाटीही त्यातलीच होती. शकुबाईला काय ठाऊक? अक्षरं तर तीच होती.

खरं म्हणजे ती आज वही परत करायला आली होती. मोठ्या माणसांच्या या वर्गात नलिनीबाईंनी प्रत्येकाला एक वही दिली होती. रोज तिच्यात आपल्या मनातलं काही लिहायचं आणि पाळी आली की सगळ्यांपुढं वाचायचं. शकुबाईच्या वहीत पानोपानी एकच ओळ होती, 'आज कापूस वेचला.' सुटीच्या दिवशी, 'आज कापूस नाही वेचला.' आज तिची पाळी होती. हे वाचून हसं करून घेण्यापेक्षा वर्ग सोडलेला बरा, असं तिनं येतायेता पक्कं केलं होतं.

पण गुन्हा काय असेल? तो प्रश्न काही तिला सोडेना. ती ओट्यावर टेकली. समोरून रघुनाथराव काठी टेकत आले, घसा खाकरून आत गेले. शकुबाई त्यांच्याकडं पाहत राहिली. यांचा गुन्हा काय असू शकतो? आणि एकदम तिला तो दिसलाच. तिनं घाईघाईनं पेन्सिल काढली.

ती आत जाऊन बसली, पाढे झाले, उजळणी झाली, तरी तिची मान खालीच होती.

"शकुबाई, उठा," नलिनीबाई म्हणाल्या. "वाचा आता."

शकुबाई उठली. वही डोळ्यांशी नेऊन वाचू लागली.

"सरकारनं पांढुर्ण्याचे सारे म्हातारे धरले. कलाबाईचा गुन्हा, सुनेनं लपवलेला गूळ खाल्ला अन् नाव मुंग्यांवर टाकलं."

"अवं माय!" कलाबाईनं तोंडाला पदर लावला.

"रघुनाथरावचा गुन्हा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन्ही काठांवरून दोन गावांची गोटमार चालू असताना सावरगावच्या बाजूनं व्याही दिसला, तं गोटा मुद्दाम पाण्यात फेकला."

रघुनाथराव ताडकन उठले. "हे तुले कोनं सांगतलं?"

"कोनी नाही. म्या बनवलं."

"बनवलं कसं? खरं आहे ते!"

मग जे हसू फुटलं ते आवरेना. रघुनाथराव आधी लाल झाले, मग स्वतःच काठी आपटून हसायला लागले. "पोरगी दिली हाये तिकडं. गोटा मारू का व्याह्याले?"

शकुबाई पुढं वाचत होती. तिचा आवाज आता मोकळा झाला होता.

"शिक्षा अशी, का साऱ्यांनी ळ म्हनायचा."

नलिनीबाई हे ऐकून चमकल्या. डोया नाही, डोळा म्हणा. काया नाही, काळा म्हणा, असं त्या रोज कानीकपाळी ओरडत आणि वर्ग रोज डोया, काया म्हणत घरी जाई.

"देखरेखीले इंदूरकडचा हिंदी बोलनारा हवालदार आनला. तं त्यालेही ळ येईना. म्हातारे म्हनाले, तूही बस. ज्याले ळ येईल त्यालेच पोळी."

नलिनीबाईंनी डोळे पुसले. हसण्याची उबळ ओसरल्यावर त्या हलकेच म्हणाल्या, "शकुबाई, पाटी हिंदी आहे. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मोठ्यांचं शिक्षण, एवढंच लिहिलंय तिथं."

शकुबाईचा चेहरा उतरला. ती वहीकडं पाहत राहिली. "म्हंजे चुकलं. मंग हे सारं खोडू?"

"खबरदार!" रघुनाथराव ओरडले. "माह्या गुन्ह्याले हात लावशीन तं! पुढं काय झालं ते सांग."

"पुढचं लिवलं नाही अजून."

"मंग लिव ना. उभी काय राहिली?"

ती मटकन बसली आणि लिहू लागली. वर्ग सुटला. माणसं एकमेकांचे गुन्हे काढत, हसत रस्त्याला लागली. नलिनीबाईंनी सतरंजी झटकून गुंडाळली. शकुबाई बसली होती तो कोपरा तेवढा राहिला.

"शकुबाई, कुलूप लावायचंय. बाकीचं उद्या लिहा."

"कसं जमंल बाई?" शकुबाई मान वर न करता म्हणाली. "हवालदार सकायपासून उपाशी बसला आहे. तो म्हनते पोली, आपले म्हातारे म्हनतेत पोई. जेवाले वाढू तरी कोनाले?"