येळवशीचं आवतन

येळ अमावस्येची दुपार कलली तरी नागुबाईच्या कोपीकडं कुणी फिरकलं नव्हतं. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप केलेली. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगडांचे पांडव, पुढं निवद. बाहेर गाडगंभर आंबील, टोपलंभर ज्वारी-बाजरीचे उंडे, डाळी-पालेभाज्यांच्या भज्जीचं मोठं पातेलं. नागुबाई एकसारखी पाऊलवाटेकडं बघत होती.

"गावजेवण घालायलीस का?" ग्यानोबा म्हणाला. "नवऱ्याला तरी वाढ."

"थांबा की जरा. आधी पाव्हणं जेवू द्या."

"पाव्हणं दिसायलेत का तुला कुठं? मला तर न्हाई दिसत."

लातूर जिल्हा नवा झाला त्या साली ही बरड जमीन त्यांना मिळाली होती. सीलिंगच्या कायद्यात गावचे जमीनदार सिद्रामप्पांची जी जास्तीची जमीन निघाली, तिचा हा कोपरा. बाकीची कोर्टात अडकली. पाऊस तर दगाच देऊन गेला. ज्वारी गुडघ्याला लागून थांबली, कोपीसाठी कडबासुद्धा मागून आणावा लागला. त्याचं नागुबाईला काही नव्हतं. येळवशीला ज्याचं रान त्यानं बिनरानाच्या माणसांना जेवायला बोलवायचं, ही रीत. गावचं सारं शिवार सिद्रामप्पांचं. त्यामुळं लहानपणापासून ती त्यांच्याच रानात पंगतीला बसली, जेवली आणि हात धुऊन घरी आली. एकदा तरी आपल्या रानात आपल्या हातानं कुणाला वाढावं, एवढीच तिची आस होती. काल घरोघर आवतन देऊन आली, तेव्हा सगळ्यांनी हाव म्हटलं होतं.

बांधावरून पारूबाई लगबगीनं सिद्रामप्पांच्या रानाकडं निघाली होती. नागुबाईनं हाक मारली.

"ये की गं पारू! आंबील तरी पिऊन जा."

"नगं बाई," पारूबाई न थांबताच म्हणाली. "आज अप्पाच्या पंगतीत दिसले न्हाई, तर उद्या कामाला कोण लावंल? तू झालीस जमीनदारीण. आमचं पोट तिथंच हाय."

नागुबाई उंड्यांवरच्या माशा वारत बसली. भज्जीवर साय धरली होती.

तेवढ्यात वाटेवर सिद्रामप्पांच्या पत्नी दिसल्या. रत्नम्मा. एकट्याच, पायी. ग्यानोबा ताडकन उठला.

"झालं! रान माघारी मागाया आल्या बघ. सणाचा दिवस तरी सोडायचा."

रत्नम्मा बांधाशी येऊन थांबल्या. बांध त्यांनी ओलांडला नाही.

"नागू, साऱ्या गावाला आवतन दिलंस म्हणं. माझंच घर कसं चुकलं?"

नागुबाई पदराला हात पुसत पुढं झाली. "अक्का, तुम्हाला कोणत्या तोंडानं बोलवू? हे रानबी तुमचंच होतं. तिकडं तुमच्याच पंगती उठायल्यात. तुम्हाला काय कमी हाय?"

रत्नम्मा कोपीकडं, त्या गाडग्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हळूच म्हणाल्या,

"लग्न होऊन आले तवापासनं दर येळवशीला मी वाढतच आले गं. सारं शिवार आमचंच. जेवाया जाऊ तर कुणाच्या रानात जाऊ?"