पांढरी बाही

तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं, आणि तिथल्या साहेबांना नेण्या-आणण्यासाठी मुंबईच्या एका बड्या कंपनीच्या भाड्याच्या गाड्या होत्या. चिंतू ड्रायव्हर तापाने गेला, तशी कंपनीने त्याची गाडी मला दिली आणि नवा शिवून येईपर्यंत त्याचाच पांढरा कोटही. बोईसरहून येताना एका उजव्या वळणावर त्याचं घर होतं. वळताना मागच्यांना इशारा म्हणून खिडकीतून हात बाहेर काढावाच लागे, आणि तो दिसला की अंगणातून त्याची बायको तानी आपला हात वर करी. महिनाभर मी ते सोसलं. मग एकदा गाडी थांबवून म्हणालो, "वहिनी, मी चिंतू नाही." "मना ठावं हाय," ती म्हणाली. "पन बाही त्याचीच हाय. उसवली तवा मीच शिवलेली." दुसऱ्या दिवशी गाडीत साहेब नव्हता. मी कोट काढून शेजारच्या सीटवर ठेवला, दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट धरले आणि इशारा न देताच वळलो. तानीने तरीही रोजच्यासारखा हात वर केला. मागे कुणीतरी करकचून ब्रेक मारला. मी थांबलो नाही. साइटच्या फाटकाशी खडीचा ट्रक माझ्यामागे येऊन उभा राहिला. ट्रकवाला घाम पुसत उतरला. मी शिव्यांची वाट पाहत होतो. त्याने माझ्या खाकी शर्टाकडे पाहिलं, मग वाकून रिकाम्या गाडीत पाहिलं. "वो सफेद कोटवाला कहाँ गया? उसने हाथ दिया, इसलिए बच गए."